सहा आठवड्यांत साधं पाणी

३ मार्च
आजपासून गिळण्याची ट्रीटमेंट, सहा आठवड्यांची. अर्धांगाच्या झटक्यानंतर घास चुकीच्या नळीत जातो म्हणे. म्हणून जेवण मिक्सरमधून काढलेलं. पाणीसुद्धा पावडर घालून खळीसारखं. या वृद्धाश्रमात ठेवताना मुलगा म्हणाला होता, बाबा, साधं पाणी गिळायला लागलात की घरी. सून मोबाइलमध्ये बघत होती. पण शब्द म्हणजे शब्द. सहा आठवडे पुष्कळ झाले.

४ मार्च, सकाळी ७
थेरपिस्ट पोरगी शिकवते. जीभ बाहेर, आत, डावीकडे, उजवीकडे. मग 'पा-टा-का' पन्नास वेळा. तीस वर्षं कोर्टात पुकारा केला मी. माझ्या आवाजाने वकीलसुद्धा दचकायचे. आणि मला पा-टा-का! सतरा झाले. लाळ गळली. पोरीने पुसली. मी पंख्याकडे बघत होतो.

९ मार्च
शेजारच्या कॉटवरचा टेलर फिदीफिदी हसतो. म्हणाला, कशाला जिभेची कवायत? मी शेंगदाणे फोडून खातो, तरी नऊ वर्षं इथेच आहे. त्याच्या घरच्यांतच काहीतरी खोट असणार. आमचं तसं नाही.

१६ मार्च, रविवार
मुलगा येणार होता. फोन आला, पाहुणे आलेत. बरंच झालं. सध्या ठसका लागतो, त्याच्यासमोर नकोच.

२६ मार्च
दहा दिवस लिहिलं नाही. टेलरच्या कपातला चहा चोरून प्यायलो. सगळा छातीत. ताप. नर्सला बजावलं, मुलाला कळवू नका, उगाच धावत येईल. ती म्हणाली, त्याच दिवशी कळवलंय. कामात असणार.

२ एप्रिल
हनुवटी छातीशी, मग घोट. मुकाट करतो. पा-टा-का बेचाळीस.

१४ एप्रिल
टेस्ट पास! आधी तीन चमचे, मग अर्धा ग्लास साधं पाणी. ठसका नाही. पोरीने टाळ्या वाजवल्या. लगेच बॅग भरली. टेलरला माझी उशी देऊन टाकली. त्याने माझ्या शर्टाचं लोंबतं बटण घट्ट लावून दिलं. घरी जाताना नीट दिसावं, म्हणाला. हसला नाही.

२० एप्रिल, रविवार
मुलगा आला. त्याच्यासमोर अख्खा ग्लास प्यायलो, थांबत थांबत. तो एकदम खूश. म्हणाला, वा बाबा, म्हणजे आता इथलं सगळं जेवण चालेल तुम्हाला! आश्रमाच्या ऑफिसात तसं सांगूनही आला. बॅग दिसली, तर उचलून कपाटावर ठेवली. पायात येईल, म्हणाला. घरचा विषय मी काढणारच होतो, पण त्याला घाई होती.
संध्याकाळी ताटात पहिल्यांदाच न वाटलेलं जेवण. पहिलाच घास घशाखाली उतरेना. उद्या थेरपिस्टला विचारलं पाहिजे, व्यायामात काय चुकतंय.