आपल्या घराची ओळ

माय,

आज ग्रामसभेत एक म्हातारी उठली आणि मला म्हणाली, "मॅडम, मला वाचता येत न्हाई. माझं नाव कुठं लागलंय ते बोट ठेवून दाखवा." मी अजून ग्रामसेविकाच आहे, बदनापूर तालुक्यात. तू गेल्यावर नेमणुकीचं गाव तेवढं बदललं. नवऱ्याच्या नावाबरोबर बायकोचं नाव लावायचं राहून गेलेली घरं आम्ही नव्याने शोधतोय, त्यामुळे घरांची नोंदवही समोर उघडीच होती. मी तिचं बोट धरलं आणि तिच्या नावावर ठेवलं. नाव तिचंच होतं, मी दोनदा बघून घेतलं. तरी मी तिचं बोट सोडेचना, तेव्हा शिपायाने पाणी आणून दिलं. लोकांना वाटलं मॅडमचं बीपी वाढलं. मी तसं वाटू दिलं.

तुझं सरपंचपद आठवतं. जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून दादांनी बायकोचा, म्हणजे तुझा, अर्ज भरला आणि तू निवडून आलीस तेव्हा हार त्यांच्याच गळ्यात पडले. गाव त्यांनाच सरपंच म्हणायचं. महिन्याची बैठक आपल्या ओसरीवर भरायची. रजिस्टरमध्ये 'अध्यक्षस्थानी सरपंच' असं लिहिलेलं असायचं आणि अध्यक्ष आत चुलीपुढे चहा गाळत बसलेल्या असायच्या. मग ते रजिस्टर स्वयंपाकघरात यायचं. तू पिठाचे हात लुगड्याला पुसतेस, पेन धरतेस आणि जीभ दातात धरून एकेक अक्षर काढतेस. तुला वाचता येत नव्हतं. स्वतःचं पहिलं नाव तेवढं यायचं, तेही मी पाटीवर गिरवून घेतलेलं. मला तुझी कीव यायची आणि रागही यायचा, की ही बाई एकदा तरी उठून बाहेरच्या खुर्चीवर का बसत नाही.

मग तू उठलीस. वरून आदेश आला होता की घर नवरा-बायको दोघांच्या नावावर नोंदवा. दादा म्हणाले, असे आदेश येत राहतात. तू मात्र ग्रामसेवकाला, म्हणजे आपल्या भाऊसाहेबांना, चहा देता देता तो आदेश दोनदा वाचायला लावलास आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावर पदर घेऊन निघालीस. सोबत मी, बारावीची परीक्षा दिलेली, हातात वही. बाया विचारायच्या, "नाव लावून काय व्हतं व सरपंचबाई?" तू म्हणायचीस, "उद्या कुणी घरातून निघ म्हणलं तर कागद दाखवायचा. तू निघ म्हणायचं." पारावरून एकाने टोमणा मारला, "आन् बायको पळून गेली तर अर्धं घर घिऊन जाईल का?" तू थांबलीस. "घर डोक्यावर घिऊन कोन पळतंय रे? तुझी तर बिलकुल न्हाई पळायची, तिला सरपणाचा भारा उचलूनच जीव नकोसा झालाय." सगळा पार हसला आणि तोही हसला आणि त्याच्या घराची नोंद झाली. तुझी मान मी तेवढी ताठ नंतर कधी पाहिली नाही. पंधरा दिवसांत सगळं गाव झालं.

भाऊसाहेबांचं अक्षर वाईट, म्हणून पक्की यादी लिहायला त्यांनी माझ्याकडे दिली. त्याच संध्याकाळी दादांनी मला गोठ्याकडे बोलावलं. ते बैलाला वैरण टाकत होते, माझ्याकडे बघितलंही नाही. "आपल्या घराला माझं एकट्याचंच राहू दे. गावाचं खुशाल लाव." मी म्हटलं, माय विचारल. "तिला काय वाचता येतंय? तू सांग की लावलं म्हणून." मी घराकडे निघाले. तेव्हा ते वळले. "जालन्याला कॉलेजला जायचं हाये का न्हाई? बघ मंग. पोरगं बी बघून ठेवलंय मी कुंभार पिंपळगावचं." आवाज चढवला नाही, धमकावलं नाही. मी रात्रभर रडले वगैरे असंही काही झालं नाही. सकाळी ओसरीवर बसून मी सुवाच्य अक्षरात यादी लिहिली आणि आपल्या घराच्या ओळीत फक्त दादांचं नाव लिहिलं.

तू भाकरी टाकून बाहेर आलीस. "माझं कुठं हाये? दाखव." वाचता येत नसलं तरी स्वतःच्या नावाचा आकार तू ओळखायचीस, हे दादा विसरले होते. मी विसरले नव्हते. तुझ्याच नावाची एक बाई खालच्या गल्लीत राहायची. मी तुझं बोट धरलं आणि तिच्या ओळीवर ठेवलं. तू त्या अक्षरांवरून बोट फिरवलंस, एकदा, परत एकदा, आणि म्हणालीस, "लई चांगलं दिसून राह्यलंय गं कागदावर." त्या दिवशी तू मला तूप-गुळाची पोळी करून घातलीस. मी ती खाल्ली. जूनमध्ये मी जालन्याला गेले.

दादा गेल्यावर भावाने आपल्या दोघींना घनसावंगीला रजिस्ट्रीच्या कचेरीत नेलं, हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला. वारसाची नोंद आहे, असं त्याने तुला सांगितलं होतं. मला खरं काय ते माहीत होतं, तोवर मी याच खात्यात नोकरीला लागले होते. बहिणी हिस्सा सोडतात, माहेर राहावं म्हणून, तशी मी सोडायला आले होते. पण तू का सोडत होतीस? बाकावर बसल्या बसल्या तू माझ्या कानाशी लागलीस. "तू दे सही बिनघोर. तुझ्या बापाचा हिस्सा घिऊ दे त्याला. माझं नाव वहीत हायेच, मला कोन काढतंय?" माय, तेव्हा मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर तुला पाटीवर नाव गिरवायला शिकवणारी पोर खोटी पडली असती, बाकी काही नाही. मी म्हटलं, "चल, नंबर आलाय." तू जीभ दातात धरून सही केलीस.

वर्षभरात त्याने घर एका बियाण्याच्या दुकानदाराला विकलं आणि संभाजीनगरला फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये तुला जागा नव्हती. दुकानदाराची माणसं टेप घेऊन भिंती मोजायला आली तेव्हा तू एकटी ग्रामपंचायतीत गेलीस आणि नव्या ग्रामसेवकाला म्हणालीस, वही काढा, मी या गावची सरपंच होते. त्याने काढली. तीन-चारदा पानं उलटली. "आजी, इथं तुमचं नाव न्हाई हो. कधी नव्हतंच." ज्यांची नावं तू लावलीस त्या बायांपैकी दोघी दारात उभ्या होत्या. त्यांनीच मला फोन केला आणि मी तुला घेऊन आले.

पुढची तीन वर्षं तू माझ्या जालन्याच्या स्वयंपाकघरातल्या खाटेवर काढलीस. जावयाच्या घरात राहते म्हणून तू पोटभर जेवतही नव्हतीस. एकदा भाजी निवडता निवडता म्हणालीस, "मी बघितल्तं गं माझं नाव. ह्या बोटानं बघितल्तं. तू दाखवल्तं." मी फोडणी टाकत होते. मी मागे न बघता म्हटलं, "भाऊसाहेबांनी नंतर खोडलं असंल." त्यानंतर तू त्या माणसाला रोज शिव्या घातल्यास. तो वारला असं कळलं तेव्हा म्हणालीस, बरं झालं, बाईचं घर खाल्लं त्यानं. बिचाऱ्याचं अक्षर वाईट होतं, एवढाच त्याचा दोष. मी ऐकून घेतलं. शेवटच्या आजारात तू माझा हात धरून सगळ्यांना सांगायचीस, पोरीनंच सांभाळलं मला.

हे पत्र मी कपाटात ठेवीन आणि कधीतरी फाडीन, कारण माझ्या मुलीला वाचता येतं. मी तुझी माफी मागायला बसले होते. अर्धं लिहून झाल्यावर लक्षात आलं की घनसावंगीच्या त्या बाकासाठी मी माफी मागू शकते, रोज मागते. पण त्या यादीचं तसं नाही. दादा आज पुन्हा गोठ्यात उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तर मी पुन्हा त्यांचं एकट्याचंच नाव लिहीन, माय. मला कॉलेजला जायचं होतं.