गरम पाण्याच्या पोटुश्या पाहुण्या

९ जानेवारी

आल्या! वीजकेंद्राचं गरम पाणी समुद्रात पडतं ना, तिथेच. सात शार्क! मी कमरेइतक्या पाण्यात गुडघे शेकत उभी, आणि त्या माझ्यापासून हातभर लांबून वळसा घालून गेल्या. मला दात नाहीत, त्यांना भरपूर. तरी भांडण नाही.

सूनबाई, नुसती हसू नकोस, लिही. मला अक्षर येत नाही म्हणून रोज तुझ्या मानेवर हे ओझं. "आई, हेही लिहू?" सगळं लिही.

१२ जानेवारी

मासे मोजणारी मुलगी भेटली. म्हणाली, "आजी, या सगळ्या माद्या आहेत. बहुतेक पोटुश्या. थंडीभर ऊब घेतात, मग जातात." म्हणजे आमचं सारखंच — त्यांचं पोट जड, माझे गुडघे जड. एकीचा घेर पाहून मला थोरल्याच्या वेळचे दिवस आठवले. तेव्हा कुणी जवळ आलं की मीसुद्धा खेकसायचे.

१५ जानेवारी

मी मोजल्या एकवीस. सूनबाई म्हणते सव्वीस. ती किनाऱ्याची जीवरक्षक, उंच टॉवरवर बसते — तिचं खरं धरू.

१८ जानेवारी

व्हायचं तेच झालं. एका बाप्याने फोटोसाठी शार्कची शेपटी ओढली! एकदा नाही, दोनदा. मी ओरडले, "सोड मेल्या, दाराची कडी आहे का ती?" तिसऱ्यांदा तिने वळून हात धरला. नऊ टाके पडले. हात शाबूत आहे. अकलेचं डॉक्टरांनी काही सांगितलं नाही.

जवळून पाहणारी मी एकटीच. म्हणून संध्याकाळी किनाऱ्याच्या कचेरीत जबानीला बोलावलं. कागद आधीच लिहून तयार! साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही सांगितलेलंच आहे. इथे अंगठा." केला.

२१ जानेवारी

किनाऱ्यावर फलक लागलाय. छत्र्या भाड्याने देतो त्याने वाचून दाखवला. शार्कने काही कारण नसताना हल्ला केला, सोमवारपासून गळ टाकून सगळ्या मारणार! वर मलाच म्हणतो, "तुमच्या जबानीवर झालं हे, आजी. शाबास!"

शाबास? पोटात पोरं घेऊन ऊब शोधत आलेल्या त्या — आणि माझ्या अंगठ्याने मरणार?

सूनबाईला विचारलं, असं कुणी लिहिलं असेल गं? "चूक झाली असेल, आई." आज तिचं पेन सारखं अडतंय. दुसरं घे म्हटलं.

२२ जानेवारी

कचेरीत गेले. म्हटलं, मी असं बोललेच नाही! साहेब म्हणाले, "अंगठा तुमचाच ना?" माझाच. दुसऱ्याचा असता तर पिरगळला असता. "मग लेखी हरकत आणा. सोमवारी कचेरी उघडताच." वाचून का नाही दाखवलंत? "तुम्ही विचारलं नाहीत."

खरंय. भाजीची एकेक शेंग मोडून बघते मी. साहेबाच्या टेबलापुढे मात्र "वाचा" म्हणायला लाजले. या वयात!

२३ जानेवारी, रविवार

हरकत सांगायला बसले. म्हटलं, लिही — त्याने शेपटी ओढली. सूनबाई बराच वेळ लिहीत राहिली. एवढं मी बोललेच नव्हते. म्हटलं, वाच.

तिने वाचलं: "आई, तो कागद मीच लिहून दिला होता. तो शेपटी ओढत होता तेव्हा मी टॉवर सोडून खाली फोनवर बोलत होते. त्याला अडवणं माझं काम होतं. खरं लिहिलं असतं तर नोकरी गेली असती."

 

मग म्हटलं, हेच हरकतीत उतरव. खाली तुझी सही. शेजारी माझा अंगठा.