उसना स्वेटर

४ जानेवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

तुझे पार्सल पोचले. स्वेटर उत्तम विणला आहेस. डावी बाही किंचित लांब झाली आहे, पण सरळ रेघ तुला शाळेतही कधी ओढता आली नाही.

आता खरे सांगते. तो माझ्याकडे नाही. प्रार्थनागृहाच्या फाटकावर चपला सांभाळत बसणाऱ्या बाई कुडकुडत होत्या, त्यांना देऊन टाकला. आपल्याला आवडलेली वस्तू दिली की मन मोकळे होते, असे मी तिथे वर्षानुवर्षे ऐकत आले. माझे तसे काही झाले नाही. डोळे मिटले की तू सुया घेऊन समोर बसलेली दिसतेस.

नऊ फेब्रुवारीला उजव्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. रजा काढून येण्याचा खटाटोप करू नकोस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे थेंब मोजले, माझ्या डोळ्यातही मीच घालीन.

तुझ्या घरी सर्वांना आशीर्वाद.
तुझी ताई

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. हे म्हणाले, तिनं चांगलंच काम केलंय, तू का फुगून बसलीस? मी म्हटलं, चांगलं काम तिचं, आणि त्या बाह्या चार वेळा उसवल्या त्या मी.

मागचं पांघरूण दवाखान्यात गेलं, भिंतीवरचं घड्याळ अनाथाश्रमात. मी दिलेली वस्तू तुझ्या घरात आठवडाभर टिकत नाही. माझ्या आजारपणात तू नोकरी सांभाळून माझी दोन्ही पोरं दोन महिने सांभाळलीस. मी निमूट घेतलं ना ते? माझ्याकडून काही घ्यायचं म्हटलं की तुझेच हात मागे का जातात?

येऊ नको म्हणतेस, तर नाही येत. फक्त एका डोळ्यावर पट्टी आणि दुसरा आधीच अधू, अशात थेंब डोळ्यात पडतायत की कानात, ते कोण बघणार तेवढं कळव.

रागातही तुझीच,
बुटकी

२० जानेवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. हातात काम धरवत नाही.

सोमवारी प्रार्थनेत मला खोकल्याची उबळ आली. फाटकावरच्या बाई आत आल्या आणि अंगातला स्वेटर काढून त्यांनी माझ्या खांद्यावर घातला. मी तो तिथेच घडी करून परत दिला, गरज नाही म्हणाले. मागे त्यांनी दोनदा घरची पपई आणली होती, तीही मी मुलांना द्या म्हणून परत केली होती.

दुसऱ्या दिवशी स्वेटर धुऊन, पिशवीत घालून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, माझं काही तुम्हाला चालत नाही, मग तुमचं मी कोणत्या तोंडानं घालू?

पिशवी खुर्चीवर आहे. ती खुर्ची टाळून मी घरात येरझाऱ्या घालते. प्रार्थनेलाही तीन दिवस गेले नाही. देताना मी कायम वरच्या पायरीवर उभी असते, बुटके. घ्यायला खाली उतरावे लागते, आणि तिथे माझे गुडघे आखडतात.

ताई

२९ जानेवारी

चि. बुटकीस,
अ. उ. आ.

काल पिशवी घेऊन फाटकाशी गेले. चुकले म्हणाले, आणि पपई आहे का विचारले. बाईंनी स्वतःचे स्टूल मला दिले. पपई कच्ची होती. सगळी खाल्ली.

स्वेटर त्या घेईनात. शेवटी त्यांनी अट घातली. स्वेटर त्यांचा, पण प्रार्थनेच्या वेळी फाटकावर ऊन आलेले असते, त्यांना गरज नसते, म्हणून तेवढा तासभर तो मी घालायचा आणि बाहेर येताना परत करायचा. आज घातला. मन थाऱ्यावर होते असे म्हणणार नाही. लोकर मानेला टोचते, आणि बाही खरोखरच लांब आहे. पण तासभर दुसऱ्याच्या उबेत बसून राहिले, उठून पळाले नाही.

तू आठ तारखेलाच ये. थेंब तू घाल, चहाही तूच कर. मी मध्ये उठू लागले तर दटाव.

घराची दुसरी किल्ली सोबत पाठवते आहे. ती तुझीच. कुणाला देऊन टाकू नकोस.

वाट पाहणारी,
ताई