रिकाम्या पोटाची गाय

१९ ऑक्टोबर
पुढच्या दाराशेजारची भिंत लिंपून झाली एकदाची! हात कोपरापर्यंत मातीचे, कंबरेचा काटा ढिला. सोहराईला, गुरांच्या सणाला, नऊ दिवस राहिले. सासू अंगणात बसून दातवणाची काडी चावतेय — तोच तिचा कुंचला. गावातल्या बाकीच्या बाया सणाला भिंतीवर आईने शिकवलं तेच काढतात. हिचं माहेर कोळशाच्या खाणीवरच्या क्वार्टरमध्ये, तिथे मातीची भिंतच नव्हती. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणाचं ऐकतही नाही.

२२ ऑक्टोबर
भिंतीवर गाय उभी राहिली. लाल अंग, काळे कान, आणि मान वळवून अशी बघते की मी हातातला चहा खाली ठेवला. एवढी माया त्या डोळ्यांत कुठून आणते ही बाई!

२३ ऑक्टोबर
पोट रिकामं ठेवलंय. आमच्याकडे भिंतीवर गाय काढली की पोटात वासरू काढतात. गेली दोन वर्षं तिनेही काढलं होतं. यंदा नुसता पांढरा गोल. मला वाटलं विसरली. विचारलं तर म्हणाली, झाली पुरी.

थोरली जाऊ फगुनी आली. कमरेवर हात ठेवून बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाईलाही तुझीच हवा लागली वाटतं."

सासू तिथेच होती. ऐकलं तिने. रंग कालवत राहिली.

२५ ऑक्टोबर
दोनदा दिवस राहिले, दोनदा गेलं. सहा वर्षांत सासूने एका शब्दाने टोचलं नव्हतं — आणि आता मनातलं सगळं भिंतीवर मांडलं! तेही सणाला, अख्खं गाव भिंती बघत फिरतं तेव्हा. ह्यांना धनबादला फोन केला. म्हणाले, चित्रच आहे ते. पुरुषांना काय!

२८ ऑक्टोबर, सोहराई
केलं मी. पहाटे पांढऱ्या मातीचा बोळा घेतला आणि गाय पुसली. आधी डोळे, नाहीतर धीर झाला नसता.

न्हालेली, शिंगांना तेल लावलेली गुरं कोऱ्या भिंतीपुढून आत गेली. सासू भिंतीकडे बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ आली, माझे हात धरले आणि पदराने बोटांची माती पुसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

३० ऑक्टोबर
आज विचारलंच. "माय, पोट रिकामं का ठेवलं होतंस?"

तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन वर्षं मी वासरू काढलं. दोन्ही वर्षं तू पाण्याला मागच्या दाराने जायचीस. भरला हंडा घेऊन एवढा वळसा. म्हटलं, यंदा तरी पोरीला पुढच्या दाराने जाता येऊ दे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. भिंतीवर."

सण गेल्यावर भिंतीला रंग लावत नाहीत. वर्षभर ती कोरीच राहणार.