विहिरीचं प्रकरण

११ एप्रिल १९८६
लातूरकडच्या मुरुडपासून अडीच कोसांवरचं गाव. सिद्रामप्पांच्या घरात मागच्या अंगाला खोली मिळाली. प्रबंधाचा विषय — दुष्काळातलं पाणीवाटप. टँकर एक दिवसाआड येतो. नांदेडहून निघताना सरांनी बजावलंय: फक्त बघायचं, मध्ये पडायचं नाही. आल्याबरोबर तांब्याभर पाणी मिळालं. वाटपाची पहिली नोंद माझ्याच पोटात गेली.

१३ एप्रिल
सिद्रामप्पांची मुलाखत. मुरुडला त्यांचं कापडाचं दुकान. लिंगायत संतांची, शरणांची शिकवण, समता, कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही — तासभर. चार पानं भरली. शेवटी विचारलं, परसातल्या विहिरीला पाणी आहे का?
"आटली. घरापुरतं बी न्हाई."
विहिरीवर पत्रे, पत्र्यांना साखळी, साखळीला कुलूप. आटलेल्या विहिरीला कुलूप — नोंद केली. मत नोंदवलं नाही.

१७ एप्रिल
भर दुपारी, मालक दुकानी. खिडकीतून बघते तर त्यांच्या बायकोनं, सिद्धम्माकाकूंनी, कुलूप काढलं! मागच्या दारानं बौद्धवाड्यातल्या केवळाबाई आणि आणखी दोघी घागरी घेऊन आल्या. केवळाबाईंनी दोर हातात घेतला, काकूंनी घेऊ दिला. समतेची चार पानं एका पोहऱ्यात बसली.
काकूंचं लक्ष माझ्याकडं गेलं. दचकल्या नाहीत. "भाईर येऊन बसा की बाई. तिथून काय दिसतंय?"

२४ एप्रिल
हे रोज चालतं. विचारलं, मालकांना कळलं तर?
"माहेरी धाडतील. निलंग्याला. तिथं बी पाणी न्हाईच." हसल्या. मी हसले नाही. तेवढा तटस्थपणा जमला.

३ मे
लातूरहून साहेब आले. जिल्हा नवा, जीप नवी, शिक्के नवे. नियम असा, की गावात एक जरी विहीर चालू असली तरी टँकर बंद. सिद्रामप्पांनी सांगितलं, आटली. पत्रे उचला म्हणायला साहेबांना संकोच वाटला — चहा पिऊन झाला होता. माझ्याकडं वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तिऱ्हाईत. तुम्हीच सांगा."
खरं सांगावं तर दीडशे घरांचा टँकर जातो, आणि त्या विहिरीत पाणी दिवसाला दहा घागरींचं. खोटं सांगावं तर कुलूपवाल्याची लबाडी माझ्या सहीनं खरी होते. काकू दाराआड उभ्या.
"पाणी नाही," मी म्हणाले. सही केली. साहेबांनी पंचनाम्यात माझ्या नावापुढं लिहिलं — संशोधक, निःपक्ष.

४ मे
सिद्रामप्पा मला आता ‘आमच्या बाई’ म्हणतात.

८ जुलै, नांदेड
सरांनी टिपणं वाचली. "विहिरीचं प्रकरण म्हणजे प्रबंधाचा प्राण. नावं बदला, झालं." अख्ख्या गावात कुलूपवाली विहीर एक, तिच्या मालकाची बायको एक. नाव बदलून कोण फसणार? काकूंचा संसार मोडायचा माझ्या पदवीसाठी? आठवडाभर वाद घातला. शेवटी प्रकरणच काढलं. माझी सहीही त्याबरोबर निघाली, तेही सोयीचंच पडलं. त्या जागी टँकरच्या फेऱ्यांचा तक्ता घातला.

१९ फेब्रुवारी १९८९
पदवी मिळाली. परीक्षकांना तक्ता फार आवडला. प्रस्तावनेत वाक्य आहे: माहिती देणाऱ्यांचं हित सर्वतोपरी जपलं आहे.

६ मार्च १९८९
सिद्धम्माकाकू लग्नाला नांदेडात आल्या होत्या, पत्ता शोधत घरी आल्या. प्रबंध मांडीवर घेतला. "माझं कुठंय ते वाचून दाखवा."
सांगितलं, तुम्हाला त्रास नको म्हणून गाळलं. काकूंनी प्रबंध मिटला.
"ते साहेब गेल्यागेल्या मालकाला घागरींचं मीच सांगितलं होतं, बाई. तीन वर्सं झाली, बोलत न्हाईत माझ्यासंगं. म्हणलं, न्हाई बोलत तर न्हाई — पुस्तकात तर हाय मी."