बाबांच्या हातचं आइस्क्रीम

२ मे १९५४, रविवार. डोंबिवली.
नीलाचा घसा पुन्हा सुजला. कारण उघड आहे. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा! ते लाल-हिरवं पाणी कुठल्या विहिरीचं, कोण जाणे. दोन्ही मुलांना देवापुढे उभं करून शपथ घातली, गोळा बंद. बदल्यात घरचं स्वच्छ, पौष्टिक आइस्क्रीम करून देईन, असं मीही कबूल केलं. सुधीरने विचारलं, नक्की ना? अकरा वर्षांच्या पोराने बापाला असं विचारावं! गेल्या सुट्टीतलं माथेरान रद्द झालं ते साहेबाने रजा नाकारल्यामुळे, माझ्यामुळे नव्हे.

४ मे.
कचेरीतल्या हरिहर लेल्यांकडून आइस्क्रीमचा पॉट आणला. लाकडी बादली, मधे डबा, वर दांडा. डब्याभोवती बर्फ भरायचा, दांडा फिरवायचा. लेले आणखी काही सांगत होते. म्हटलं, गरज नाही. मॅट्रिकला सायन्समध्ये माझे मार्क वर्गात सर्वांत जास्त होते.

९ मे, रविवार. दुपार.
मुद्दाम ठाण्याला जाऊन बर्फ आणला. भुसा, गोणपाट, सगळं सायंटिफिक. घरी सोडून बघतो तो लिंबाएवढा खडा आणि माझं ओलं धोतर. वाटेत भेटलेल्या ओळखीच्या दामल्यांना पॉटचं तत्त्व समजावलं, तेवढाच काय तो उशीर. नीलाने खडा गालाला लावला आणि गार आहे म्हणाली. सुरुवात म्हणून वाईट नाही.

१२ मे.
गोळेवाल्याची घंटा वाजली की नीला खिडकीत जाते. मागत मात्र काही नाही. मागितलं असतं तर निदान रागावता आलं असतं.

१६ मे, रविवार.
कल्याणच्या मासळी बाजारात बर्फ हवा तेवढा मिळतो. आणला. सौ.ने उंबऱ्यावरच अडवला. वासावरून सुरमईचा असावा, असं शेजारच्या वासंतीबाई म्हणाल्या. (त्यांना कसं कळलं?) तीनदा धुतला. धुण्यातच संपला. मुलांना आमरस तसाच दिला. सुधीर म्हणाला, हा तर रोजच असतो.

२३ मे, रविवार. संध्याकाळ.
आपल्या स्टेशनजवळच बर्फ मिळतो! तीन आठवडे कोणी बोललं नाही. सौ. म्हणते, दोनदा सांगितलं होतं.
डब्यात आमरस, दूध आणि ताकदीसाठी केळं. एवढ्यात रखमाबाई मीठ विकायला दारात. म्हणे, दादा, बर्फात जाडं मीठ टाका, चांगलं बक्कळ. मिठागरात जन्म गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! मिठाने बर्फ वितळतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. मी बर्फ जपतोय आणि ही वितळवायला निघालेली! तसं स्पष्ट सांगितलं.
अडीच तास दांडा फिरवला. मुलांनीही फिरवला. सुधीरच्या तळहाताला फोड आले. डबा उघडला. गार आमरस.
सुधीर उठून गेला. नीलाने सगळा संपवला आणि छान झालंय बाबा, म्हणाली. आठ वर्षांची पोर बापाची कीव करते! देवा, हे बघवत नाही. शनिवारी मुलं मामाकडे खडवलीला जाणार. त्याआधी एकदा, एकदाच, माझ्या हातचं आइस्क्रीम त्यांना मिळालंच पाहिजे. नाहीतर माझ्या शब्दावर ती पुन्हा विश्वास ठेवायची नाहीत. शुक्रवारी रजा टाकतो. प्लॅन तयार आहे, बर्फ दुप्पट.

२७ मे, गुरुवार.
रजा मंजूर! साहेबाच्या अक्षरशः हातापाया पडलो.
घरी आलो तर पॉट धुऊन अंगणात उपडा. सौ. म्हणाली, मुलांनी सकाळी केलं. रखमाबाईंनी शेजारी बसून बर्फाचा थर, मिठाचा थर असं भरायला लावलं. अर्ध्या तासात चमचा रुतेना. मिठाने बर्फ वितळतो हे माझं बरोबरच होतं. वितळताना तो डब्यातली उष्णता ओढून घेतो, हे पुढच्या पानावर असावं.
माझी वाटी ठेवली होती, तिचं पाणी झालेलं. प्यायलो. केळं नव्हतं, पण चव चांगली होती.
मुलं एक दिवस का थांबली नाहीत, ते सौ. सांगेना. फार विचारलं तेव्हा बोलली. नीला थांबू या म्हणत होती. सुधीर म्हणाला, नको, उद्या बाबा घरी आहेत, ते मदत करतील.

२८ मे.
रजेवर. काम काही नाही.