तिबिलिसीतली बकुळा खानावळ

बकुळाआत्या,
जय भीम.

फोनवर "धंदा फस्क्लास" म्हणायचो ते खोटं होतं. कळलं तर रडशील, म्हणून हे पत्र पाठवत नाही. जॉर्जियातली आपली खानावळ मी परवा बंद करणार होतो. गाळ्याच्या मालकिणीला, नीनोबाईला, तसं सांगूनही टाकलेलं.

लालबागच्या खानावळीत तू शिकवलंस तसं इथेही करायचो. ताट रिकामं झालं की उचललं, लगेच बडीशेप पुढे. तिथे खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. इथे मागे कुणी नसायचं, तरी माझा हात थांबायचा नाही. लोक गप निघून जायचे ते परत यायचेच नाहीत. शेवटी नीनोबाईच म्हणाली, "अरे, पाहुण्यांना हाकलतोस काय? राहू दे ताटं. माणसं इथे बोलत बसायला येतात."

परवा एका म्हाताऱ्याचा वाढदिवस होता. बारा माणसं आली. मी खिशात हात घालून उभा राहिलो. आत्या, तीन तास बसले गं! म्हाताऱ्याने विचारलं, "हा मटणाचा रस्सा कुणी शिकवला?" मी म्हटलं, "मुंबईच्या माझ्या आत्याने, बकुळाने." तो ग्लास उचलून उभा राहिला, मग सगळेच उठले आणि तुझं नाव घेऊन प्यायले; इथे मान द्यायची हीच रीत.

जाताना त्यांनी पुढच्या रविवारचं टेबल सांगून ठेवलं. मी धावत नीनोबाईकडे गेलो. "बाई, गाळा सोडत नाय मी."

ती म्हणाली, "मी दुसरा भाडेकरू शोधलाच कुठे होता?"

तुझा,
राजरत्न